न्यायाधीश परकाच हवा

कोर्टकचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाच्या तोंडून हल्ली एक मागणी वारंवार ऐकू येते. नगरसेवक निवडून येतो, आमदार निवडून येतो, मग आपल्या जमिनीचा, घराचा आणि तुरुंगवासाचा निर्णय करणारा न्यायाधीशच तेवढा निवडून का येत नाही? अमेरिकेत येतो, मेक्सिकोत आता येऊ लागला. मग आपल्याकडेच लोकांवर एवढा अविश्वास का? या मागणीमागचा संताप खरा आहे. पिंप्राळ्यासारखे गाव जळगाव शहरात सामावले, शेतांचे प्लॉट झाले, सातबाऱ्यावरची नावे वाढली, भावाभावांत वाटपाचे दावे उभे राहिले. दावा बापाने दाखल करावा आणि निकाल मुलाने ऐकावा, याचे तिथे आता कुणाला नवल वाटत नाही. पण संताप खरा असला म्हणून त्यातून सुचलेला उपाय बरोबर ठरत नाही. लोकशाही म्हणजे निवडणूक, म्हणून जितक्या जास्त निवडणुका तितकी जास्त लोकशाही, ही समजूत उथळ आहे आणि न्यायालयाच्या बाबतीत ती घातक आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश त्या गावाला परका असतो, हा आपल्या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा गुण आहे, आणि पक्षाच्या तिकिटावरची निवडणूक नेमका तोच गुण मारते. हे सिद्ध करायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पक्षाच्या माणसाला न्यायनिवाड्याच्या खुर्चीत बसवल्यावर काय होते, ते महाराष्ट्राने स्वतःच्या घरात पाहिले आहे.

खालचे न्यायालय नेमके काय ठरवते

आधी कामाचे स्वरूप पाहू. दिवाणी किंवा सत्र न्यायालय धोरण ठरवत नाही. ते एका माणसाविषयी एक प्रश्न ठरवते. खरेदीखतावरचा अंगठा याचाच आहे का? चेक दिला तेव्हा देणे खरोखर होते का? सुनेचा छळ झाला का? अपघाताच्या वेळी ट्रक कोणत्या बाजूने होता? साक्षीदार समोर उभा असतो, अडखळतो, नजर चुकवतो, सरतपासणीत ठाम बोलतो आणि उलटतपासणीत ढासळतो. हे सारे फक्त याच न्यायाधीशाला दिसते, वरच्या न्यायालयाला कागद दिसतो. म्हणून अपिलात कायद्याचा अर्थ बदलू शकतो, पण एखाद्या साक्षीवर ठेवलेला विश्वास सहसा तसाच राहतो. शिवाय औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाण्याची ऐपत आणि चिकाटी खान्देशातल्या फार थोड्या पक्षकारांकडे असते. बाकीच्यांसाठी खालचे न्यायालय हेच शेवटचे न्यायालय.

आता मतदाराची जागा शोधा. खून केला तर शिक्षा किती, वारसाला हिस्सा किती, कूळ कोण, हे सगळे विधिमंडळाने आणि संसदेने ठरवलेले आहे. म्हणजे बहुमताचा आवाज कायद्याच्या रूपाने न्यायालयात आधीच येऊन बसलेला असतो. न्यायाधीशाने तो कायदा समोरच्या एका माणसाला लावायचा असतो. तो न्यायाधीशही त्याच बहुमताने निवडला, तर बहुमत एकाच प्रकरणात दोनदा बोलते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातला किंवा वादीच्या जागेवरचा एकटा माणूस एकदाही बोलू शकत नाही. निवडणूक हे अनेकांचे मत मोजण्याचे साधन आहे. न्यायालय एकट्याचे म्हणणे तोलण्यासाठी असते. पहिले साधन दुसऱ्याच्या कामाला लावणे, इथेच मूळ चूक होते.

परस्थळ मागण्याचा हक्क

परका न्यायाधीश ही इंग्रजांनी लादलेली कल्पना आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. मराठेशाहीत पाटीलकीचे, शिवेचे, वतनाचे तंटे गोतसभेपुढे जात. सभेत गावचे आणि आसपासचे वतनदार, शेटे-महाजन, बलुतेदार बसत. वादाची मुळे त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक असत. तरीही स्थानिक गोत आपल्या विरोधात झुकले आहे असे एखाद्या पक्षाला वाटले, तर त्याला परस्थळ मागता येई, आणि मग तंटा दूरच्या ठिकाणच्या सभेकडे निवाड्याला जाई. ओळखीची माणसे वादाची माहिती चांगली देतात, पण तोलून निर्णय करताना ओळखच आड येते, हे त्या काळच्या लोकांना कळले होते. माहिती गावाकडून घ्यावी आणि निवाडा बाहेरच्याकडून घ्यावा, हा विवेक आपल्या मातीतला आहे.

आजची व्यवस्था तोच विवेक नियमांत बांधते. संविधानाच्या २३४ व्या अनुच्छेदाप्रमाणे कनिष्ठ न्यायाधीशांची भरती लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेल्या नियमांनुसार होते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी आयोगाची परीक्षा असते: १०० गुणांची पूर्वपरीक्षा, २०० गुणांची मुख्य परीक्षा, ५० गुणांची मुलाखत. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, म्हणजे पुस्तकी हुशारीपलीकडचा अनुभवही आता हवा. निवड झाली की भाईंदरजवळ उत्तन इथल्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण होते. पुढची सारी सूत्रे अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाकडे असतात. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक टाळली जाते आणि काही वर्षांनी बदली होतेच. न्यायाधीशाची मुळे रुजू नयेत अशीच ही रचना आहे.

या रचनेची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कोल्हापूर किंवा चंद्रपूरहून आलेल्या न्यायाधीशापुढे अमळनेरची म्हातारी अहिराणीत साक्ष देते, यावल-रावेरचा शेतकरी लेवा बोलीत बोलतो, सातपुड्यातला पावरा माणूस पावरीत. त्यांच्या बोलण्यातला एखादा बारकावा निसटतो, आणि कधी त्या बारकाव्यातच सत्य असते. ही उणीव गंभीर आहे. पण तिच्यावर दुभाषा नेमता येतो, अकादमीत बोलींची ओळख करून देता येते. ओळखीच्या, भाऊबंदकीच्या आणि पक्षाच्या न्यायाधीशावर असा कोणताही उपाय नाही.

जळगावचे खटले जळगावबाहेर

खान्देशच्या अलीकडच्या इतिहासातले दोन मोठे खटले आठवा. पहिला १९९४ मध्ये उघड झालेल्या जळगावच्या वासनाकांडाचा. आरोपींत राजकारणातली माणसे होती, भीतीने तक्रारदार पुढे येत नव्हत्या. त्यासाठी पुण्यात विशेष न्यायालय बसले. दुसरा घरकुल प्रकरणाचा. तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली. प्रकरण जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या सुमारे २९ कोटी रुपयांच्या अपहाराचे होते. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. त्यांत माजी मंत्री सुरेश जैन होते, त्यांना सात वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड झाला. माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्यांत आजी-माजी नगरसेवकांचा मोठा भरणा होता. निकालाविरुद्ध अपिले झाली. अपिलात कोणाचे काय होते हा इथला मुद्दा नाही.

मुद्दा वेगळा आहे. सुरेश जैन तीन दशकांहून अधिक काळ जळगावचे आमदार होते. देवकर दुसऱ्या पक्षाचे. म्हणजे शहरातले दोन प्रबळ राजकीय प्रवाह एकाच आरोपपत्रात एकत्र आले होते. अशा शहरात सत्र न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येत असता, तर त्याचे तिकीट कुणी ठरवले असते? आरोपींपैकीच कुणीतरी, किंवा आरोपींच्या विरोधकांनी. पहिल्या प्रकारच्या न्यायाधीशाने सोडले असते तर फिर्यादीला न्याय मिळाला असे कुणी मानले नसते. दुसऱ्या प्रकारच्या न्यायाधीशाने शिक्षा दिली असती तर आरोपींना न्याय मिळाला असे कुणी मानले नसते. खरा पुरावा कोणत्याही बाजूला असो, निकालावर विश्वास ठेवण्याची शक्यताच उरली नसती. धुळ्यात निकाल देणाऱ्या न्यायाधीशांचे नाव आज जळगावच्या रस्त्यावर विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. त्यांना मत मागायचे नव्हते, म्हणून त्यांना ओळखले जाण्याची गरज नव्हती. हे अनामपण त्या निकालाचे बळ आहे.

परीक्षेने निवडलेला, परजिल्ह्यातून आलेला न्यायाधीश असूनही हे खटले आणखी एक पायरी दूर न्यावे लागले. स्थानिक दबाव इतका असतो. निवडणूक तो दबाव कमी करणार नाही. ती दबावाला अधिकृत दार उघडून देईल.

तिकीट, निधी, पुन्हा तिकीट

आता अमेरिकेकडे वळू, कारण दाखला तिथलाच दिला जातो. टेक्सस, अलाबामा, इलिनॉय, पेनसिल्वेनिया, न्यूयॉर्क अशा राज्यांत खालच्या न्यायालयांचे न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडणूक लढवतात. ही पद्धत वाईट हेतूने आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मिसिसिपीने १८३२ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४६ मध्ये ती स्वीकारली, त्यामागे गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या वशिल्याने होणाऱ्या नेमणुका थांबवण्याची इच्छा होती. न्यायाधीशाला राज्यकर्त्यापासून मुक्त करायचे म्हणून त्याला लोकांच्या हवाली केले. प्रत्यक्षात तो पक्षाच्या हवाली झाला. हे तीन टप्प्यांत घडते.

पहिला टप्पा तिकिटाचा. न्यूयॉर्कमध्ये प्राथमिक न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. ब्रुकलिनच्या न्यायाधीश मार्गारिटा लोपेझ टोरेस यांची तक्रार अशी होती की पक्षनेत्यांनी सुचवलेला माणूस आपण कार्यालयात नेमला नाही म्हणून पुढे पक्षाने आपल्याला उमेदवारीच मिळू दिली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये न्यायालयाने एकमताने ती पद्धत घटनाबाह्य नसल्याचे सांगितले. कायद्याने तो निर्णय बरोबर असेल. पण त्यातून हे तर स्पष्ट झाले की मतपत्रिकेवर नाव येण्याआधीच निवड झालेली असते, आणि ती मतदाराने केलेली नसते.

मग मतदार काय करतो? तो पक्षाचे चिन्ह बघतो. टेक्ससमध्ये २०२० पूर्वी एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत असे. ह्यूस्टन शहर ज्यात येते त्या हॅरिस काउंटीत २०१८ साली रिपब्लिकन पक्षाचे न्यायाधीश एकजात हरले. त्यांत कामचुकार असतील, तसेच उत्तम न्यायाधीशही असतील. मतदाराने दोघांत फरक केला नाही, कारण डझनावारी नावांच्या यादीत त्याला तो करताच येत नव्हता. लोकांना न्यायाधीशाच्या कामाचा जाब विचारता यावा म्हणून निवडणूक हवी, असा युक्तिवाद असतो. जिथे चांगले आणि वाईट एकाच लाटेत वाहून जातात तिथे जाब कुणाला विचारला गेला?

दुसरा टप्पा निधीचा. न्यायाधीशाच्या प्रचाराला पैसे कोण देईल? पिंप्राळ्याचा रिक्षावाला देणार नाही. ज्यांची प्रकरणे त्याच्यापुढे येणार आहेत ते वकील देतील, बिल्डर देतील, विमा कंपन्या देतील. वेस्ट व्हर्जिनियात हे उघड घडले. मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने पाच कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात यायचे होते, तेवढ्यात कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी त्या न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूने तीस लाख डॉलर ओतले. उमेदवार निवडून आला, खटल्यातून बाजूला झाला नाही, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनी सुटली. तिसरे मत त्याचे होते. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याने बाजूला व्हायला हवे होते असे ठरवले, तेही पाच विरुद्ध चार अशा फरकाने. पुढे त्या राज्याने न्यायाधीशांच्या निवडणुकीतून पक्षाचे नाव काढून टाकले.

तिसरा टप्पा पुन्हा निवडून येण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत भयंकर. ग्रेगरी ह्युबर आणि सॅनफोर्ड गॉर्डन या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये पेनसिल्वेनियातल्या हजारो शिक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे न्यायाधीश पहिल्यांदा पक्षाच्या नावावर येतात आणि पुढे ठरावीक मुदतीने त्यांना कायम ठेवायचे की नाही यावर मतदान होते. मतदान जवळ येते तशा शिक्षा लांबत जातात, असे त्यांना आढळले. गुन्हा तसाच, कायदा तोच, फक्त निवडणूक जवळ आली. याचा अर्थ काही माणसांनी तुरुंगात जास्तीचे दिवस काढले ते त्यांच्या कृत्यामुळे नव्हे, दिनदर्शिकेमुळे. हा अभ्यास वाचल्यावर निवडणुकीच्या बाजूचा कोणताही युक्तिवाद मला पटवून घेता आलेला नाही.

पक्ष बदलला तर

आपल्याकडे यात आणखी एक भर पडेल, जी अमेरिकेत क्वचित दिसते. ऑगस्ट २०१८ मध्ये जळगाव महापालिकेत भाजपचे ७५ पैकी ५७ नगरसेवक निवडून आले. मार्च २०२१ मध्ये त्याच सभागृहाने ४५ विरुद्ध ३० मतांनी शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना महापौर केले, कारण भाजपचे अनेक नगरसेवक मधल्या काळात दुसरीकडे गेले होते. मतदाराने एका चिन्हावर दिलेले मत अडीच वर्षांत दुसऱ्या चिन्हाखाली मोजले गेले. नगरसेवकाच्या बाबतीत हे आपण सोसतो. न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर आला, आणि एखाद्या खटल्याची सुनावणी चालू असताना त्याने पक्ष बदलला, तर त्या खटल्याचे काय करायचे? आरोपीने कोणत्या पक्षाच्या न्यायाधीशापुढे बचाव मांडला असे समजायचे? तिकीट वाटताना कोणत्या वॉर्डात कोणत्या समाजाची किती मते हे मोजले जाते, हे खान्देशातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ज्या समाजाची मते कमी आहेत त्याने मग न्यायालयाची पायरी कोणत्या भरवशावर चढायची?

आपले निवडून आलेले न्यायाधीश

महाराष्ट्रात पक्षाचे न्यायाधीश नाहीतच असे मात्र नाही. विधानसभेचे अध्यक्ष दहाव्या अनुसूचीनुसार आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा करतात. ते आमदार म्हणून पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि सत्ताधारी बहुमत त्यांना खुर्चीत बसवते. शिवसेना फुटली तेव्हा पहिल्या नोटिसा बजावलेल्या सोळा आमदारांत जळगाव जिल्ह्यातले दोघे होते, चोपड्याच्या लता सोनवणे आणि एरंडोलचे चिमणराव पाटील. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात अध्यक्षांनी वाजवी मुदतीत निर्णय द्यावा असे सांगितले. नंतर मुदत घालून द्यावी लागली, ती वाढवावी लागली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला. कोणत्याही गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

तो निर्णय कायद्याच्या कसोटीवर बरोबर की चूक, हे मी इथे ठरवत नाही. माझे लक्ष दुसरीकडे आहे. निर्णय येण्याआधीच राज्यातल्या जवळपास प्रत्येकाने तो काय येईल ते सांगून टाकले होते, आणि आल्यावर कोणी न वाचताच त्याचे स्वागत केले, कोणी न वाचताच त्याचा धिक्कार. निर्णयातली कारणे कुणासाठीच महत्त्वाची उरली नाहीत. पक्षाच्या माणसाने दिलेल्या न्यायाचे हे अटळ भवितव्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये, मणिपूरच्या एका प्रकरणात, हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले होते. सूचना तशीच पडून आहे.

मंत्र्यांचेही तसेच. जमीन महसूल कायद्याखालची आणि सहकार कायद्याखालची फेरतपासणीची प्रकरणे मंत्र्यांपुढे चालतात. चाळीसगावच्या शेतकऱ्याचा बांधाचा वाद किंवा भुसावळच्या सोसायटीचा तंटा मंत्रालयात जातो, आणि तिथे निवाडा करणारी व्यक्ती उद्याच्या प्रचारसभेत त्याच तालुक्यात मते मागणार असते. हा प्रकार सवयीचा झाला म्हणून आपल्याला खटकत नाही, एवढेच.

आणि गावपातळीचा प्रयोगही करून झाला आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्याय पंचायतीची तरतूद होती. गावांचा गट करायचा, त्यातल्या ग्रामपंचायतींनी सदस्य निवडायचे, आणि त्यांनी किरकोळ दिवाणी-फौजदारी तंटे निकाली काढायचे. गावातली गटबाजी तिथे शिरली. सत्तरच्या दशकात राज्याने ती तरतूदच काढून टाकली. पुढे २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने न्याय गावापाशी नेण्याचा पुन्हा विचार केला, तेव्हा न्यायाधिकारी उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमावा असेच ठरवले. निवडणुकीकडे कुणी परतले नाही.

चार आक्षेप

पहिला आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे आणि तो वजनदार आहे. हॅरिस काउंटीच्या ज्या निवडणुकीचा मी उल्लेख केला तिच्यातूनच १७ कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या. एवढा बदल तिथे आधी कित्येक दशकांत झाला नव्हता. न्यायासनावर सर्व समाजांतली माणसे दिसली पाहिजेत, हे मी पूर्ण मान्य करतो. पण महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायाधीशांच्या भरतीला आरक्षण लागू आहे, आणि परीक्षेच्या वाटेने मोलमजुरी करणाऱ्यांची मुलेमुली न्यायाधीश होत आहेत. त्यांना पक्षाचे तिकीट लागले नाही, निवडणुकीचा खर्च लागला नाही. ही वाट रुंद करायची असेल तर नंदुरबार-धडगावच्या मुलांना कायद्याचे शिक्षण आणि परीक्षेच्या तयारीसाठी शिष्यवृत्ती द्या. लाटेने आलेले प्रतिनिधित्व पुढच्या लाटेत जाते. परीक्षेने मिळालेली जागा निवृत्तीपर्यंत टिकते.

दुसरा आक्षेप: न्यायाधीश कुणालाच उत्तरदायी नाही. हे खरे नाही. तो रोज लेखी उत्तर देतो. निकालाला कारणे द्यावी लागतात, ती वरचे न्यायालय तपासते, उच्च न्यायालय त्याच्या कामाची नोंद ठेवते, तक्रार आली तर चौकशी करते, दोषी ठरल्यास त्याला घरी पाठवले जाते. आमदाराला आपल्या मताची कारणे लिहून द्यावी लागत नाहीत. हे उत्तरदायित्व अधिक उघड व्हावे, चौकशांचे निष्कर्ष लोकांना कळावेत, ही मागणी रास्त आहे.

तिसरा आक्षेप असा की राजकारण तसेही न्यायालयात शिरलेच आहे, मग ते उघडपणे का नको? २०२५ मध्ये भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी शिफारस झाली तेव्हा मोठा गदारोळ झाला. विरोधकांनी पक्षसंबंधावर बोट ठेवले. समर्थकांनी सांगितले की त्यांनी पक्ष आधीच सोडला होता. दोन्ही बाजूंचे उत्तर पाहा. पक्षाचा माणूस न्यायासनावर नको, हे दोघांनीही गृहीत धरले होते. वाद फक्त पक्ष सुटला होता का, एवढाच होता. ज्या समाजाला प्रवक्तेपदाचा जुना संबंधही बोचतो, त्याने चालू पक्षाचे चिन्ह न्यायाधीशाच्या नावापुढे छापायचे, हे विसंगत आहे.

चौथा आक्षेप: मग पक्ष वगळून निवडणूक घ्या. मेक्सिकोने तेच केले. १ जून २०२५ ला शेकडो न्यायाधीशपदांसाठी मतदान झाले, मतपत्रिकेवर पक्षाची नावे नव्हती. सुमारे १३ टक्के लोकांनी मत दिले. कुणाला निवडायचे त्याच्या छापील चिठ्ठ्या लोकांच्या हातात आधीच पोचल्या होत्या. अनोळखी नावांच्या लांबलचक यादीपुढे मतदाराला कुणाच्या तरी सांगण्यावर विसंबावेच लागते, आणि ते सांगणारी यंत्रणा फक्त पक्षाकडे असते. पक्षाचे नाव झाकले की एवढेच होते, की सांगणारा कोण ते दिसेनासे होते.

मग मागायचे काय

विलंबाचा संताप न्यायाधीशाच्या निवडीवर काढणे म्हणजे चुकीच्या माणसाला धरणे. रिकाम्या जागा वेळेवर न भरणे, अपुऱ्या इमारती, लघुलेखकांची टंचाई, समन्स न बजावणारी यंत्रणा आणि वकिलांनी मागितलेल्या तारखा, ही विलंबाची खरी घरे आहेत. निवडून आलेला न्यायाधीशही याच लघुलेखकाची वाट पाहत बसेल.

पक्षाला न्यायालयातून बाहेर काढायचे असेल तर तो आज जिथे बसला आहे तिथून काढला पाहिजे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने येतात. पण खून, बलात्कार, अपहार यांचे खटले जिथे चालतात त्या सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील सरकार नेमते, आणि सत्ता बदलली की त्या खुर्चीत कोण येणार याची चर्चा वकिलांच्या खोलीत सुरू होते. सरकारी वकिलांच्या नेमणुका न्याय्य आणि पारदर्शक रीतीने व्हाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका प्रकरणात २०१६ मध्येच बजावले आहे. खटला उभा करणाराच पक्षाच्या मर्जीतला असेल तर न्यायाधीश कितीही परका असून भागत नाही.

जळगाव आणि धुळ्याच्या वकील संघांनी, आणि कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक नागरिकाने, तीन मागण्या लावून धराव्यात. जिल्हा सरकारी वकिलाची निवड लेखी निकषांवर करा आणि गुणांसह यादी जाहीर करा. मंत्र्यांपुढे चालणारी महसूल आणि सहकाराची प्रकरणे न्यायिक अधिकारी असलेल्या न्यायाधिकरणाकडे सोपवा. आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाला द्या. पहिल्या दोन मागण्यांसाठी आमदाराला धरा, तिसरीसाठी खासदाराला, आणि पुढच्या वेळी मत मागायला दारात आले की त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या.